टंकबाईंचा चौथा अंक

"त्या दिवशी तुम्ही सगळे कशाला हसलात?"

हा प्रश्न मला २००४ साली, एका टळटळीत दुपारी, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात विचारला गेला. विचारणाऱ्या बाई सहासष्ट वर्षांच्या होत्या आणि स्वयंपाकघर त्यांचंच होतं. मी तेव्हा महाविद्यालयात जुनी इंग्रजी नाटकं शिकवत होते आणि विनोदाच्या स्वरूपाविषयी चारचौघांत बऱ्यापैकी बोलू शकत होते. तरी मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही. त्या बाई कोण होत्या आणि हा प्रश्न विचारण्याचा हक्क त्यांचाच का होता, एवढं मात्र सांगता येईल.

आमच्या शाळेत त्यांना टंकबाई म्हणत. मुख्याध्यापकांच्या खोलीला लागून एक चिंचोळं कार्यालय होतं. त्यात खिडकीपाशी त्यांची खुर्ची, पुढ्यात लोखंडी धूड वाटावा असा टाइपरायटर आणि कोपऱ्यात मेणकापडाखाली झाकलेलं सायक्लोस्टाईलचं यंत्र. त्यांचे यजमान याच शाळेत कारकून होते. ते अचानक गेले तेव्हा व्यवस्थापनाने दया म्हणून ही खुर्ची बाईंना दिली, आणि बाईंनी ती कामाच्या जोरावर आपली केली. टाइपरायटर तुटक वाजत असला तर पत्रव्यवहार चालू आहे, सलग वाजू लागला तर परीक्षा जवळ आली, हे आम्हा मुलांना वर्गात बसून कळे. बाईंचं इंग्रजी शालान्त परीक्षेपुरतंच होतं. पण वर्षानुवर्षं टाईप करून ती भाषा त्यांच्या बोटांत उतरली होती. एखादं वाक्य चुकलं की त्या म्हणत, "याचा अर्थ मला विचारू नका. पण हे असं नसतं."

स्टेन्सिल कापणं हे त्यांचं खरं कसब. आजच्या वाचकाला ते समजावून सांगायला हवं. टाइपरायटरची रिबन बाजूला करायची, मेणाचा थर दिलेला पातळ कागद यंत्रात चढवायचा आणि कोरड्या खिळ्यांनी त्यावर अक्षरं मारायची. प्रत्येक अक्षर मेणात छेद पाडतं. मग तो कागद शाईच्या रुळावर ताणून बसवायचा, हँडल फिरवायचं. छेदांतून शाई झिरपते आणि खाली प्रती निघत जातात. हात जड पडला तर गोल अक्षराचं पोट निखळतं आणि छापात काळा ठिपका उमटतो. चूक झाली तर गुलाबी द्रावाचं बोट फिरवायचं, फुंकर घालून ते वाळवायचं आणि त्याच जागी पुन्हा मारायचं. बाईंना गुलाबी बाटली क्वचितच लागे. एक बाटली तीन वर्षं पुरते, याचा त्यांना माफक अभिमान होता.

शेवटच्या वर्गाला इंग्रजीत एक सुखात्मिका होती, सुमारे चारशे वर्षांपूर्वीची. शाळेकडे तिची एकच प्रत. बारीक टाइप, खिळखिळी बांधणी. मुलांना पुस्तकं विकत घ्यायला लावायची नाहीत असा मुख्याध्यापकांचा बाणा होता. म्हणून १९७५ साली त्यांनी ते पुस्तक थेट टंकबाईंच्या टेबलावर ठेवलं. "याच्या चाळीस प्रती काढा. कवितेच्या ओळी तोडू नका. बाकी तुम्हाला कळतं."

त्याच वर्षी इंग्रजीचे नवे सर रुजू झाले. बोलताना मध्येच थबकून ते छताकडे बघत, म्हणून मुलांनी पहिल्याच आठवड्यात त्यांचं नाव अर्धविराम ठेवलं. सरांनी ते नाटक आधी कधी वाचलेलं नव्हतं. त्यांच्या हाती पहिल्यांदा आली ती टंकबाईंची प्रत: मोठी अक्षरं, रुंद समास, टिपा लिहायला ऐसपैस जागा. त्यांनी तिच्यावरच टिपणं काढली, आणि मूळ पुस्तक ग्रंथालयाच्या कपाटात गेलं ते गेलंच.

सरांची शिकवण्याची पद्धत ठरलेली होती. नाटक मोठ्याने वाचायचं, आणि पात्रं हजेरीच्या क्रमांकाने वाटायची. पहिलं पात्र बोललं की एक नंबर, दुसरं बोललं की दोन नंबर, आणि नवं पात्र रंगभूमीवर आलं की पुढचा नंबर. "मी निवडायला लागलो तर देखण्या मुलाला राजपुत्र देईन आणि काळ्याला चोर," ते म्हणत. "हजेरीपत्रक आंधळं असतं. ते बरं."

हजेरीपत्रकही टंकबाईच टाईप करत. त्या वर्षी त्यात सतराव्या क्रमांकावर त्यांची स्वतःची मुलगी होती.

मुलगी बोलताना अडखळे. घरात आईशी घडाघडा बोले. घराबाहेर मात्र प, ट आणि क या अक्षरांपाशी तिचा घसा दार लावून घेई. हजेरीला "प्रेझेंट" म्हणायचं असे. ते तिला जमत नसे, म्हणून ती हात वर करी. बहुतेक शिक्षक चालवून घेत. गणिताचे मास्तर घेत नसत. त्यांच्या पत्रकात ती वर्षातले निम्मे दिवस समोर बसून गैरहजर होती.

बाई स्टेन्सिल कापत चौथ्या अंकापर्यंत आल्या. त्या अंकात ऐन मेजवानीत नायिकेवर आळ येतो, लग्न मोडायची वेळ येते, आणि एक दूत धावत येतो. खरं काय घडलं ते त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. दूत हे सतरावं पात्र. बाईंनी बोटावर मोजलं, मग यादीवर मोजलं, आणि मग पुढे वाचलं.

दूत तोतरा होता.

पुढची दोन पानं पाहुणे त्याला हसतात. पहिल्या शब्दापाशी तो अडला की त्याला पुन्हा दारापर्यंत पाठवतात आणि नव्याने आत यायला लावतात. कुठल्या शब्दाला अडेल यावर पैज लावतात. त्याला गाऊन सांगायला लावतात. कुणी त्याच्या तोंडात गारगोटी घालतो, कुणी पाठीत चमचा मारतो. खाली मान घालून बसलेल्या नायिकेचं आयुष्य त्याच्या जिभेवर लोंबकळत असतं, आणि सगळी मेजवानी हसून लोळत असते. शेवटी तो दमून कोसळतो, आणि त्याच्या टोपीतून एक पत्र खाली पडतं. त्या पत्रात सगळं लिहिलेलं असतं.

"मी यंत्रावरून हात उचलले," टंकबाईंनी मला पुढे सांगितलं. "अगं, इंग्रजी मला किती येतं? पण प-प-प असं छापलेलं कळायला इंग्रजी कशाला लागतं? वर्गात चाळीस पोरं. त्यांना हसायला सांगितलेलंच आहे, पुस्तकातच सांगितलंय. आणि माझी पोरगी उभी राहून ते वाचणार."

त्यांनी ती दोन पानं गाळली. दूत आत येतो आणि पत्र वाचलं जातं, एवढं राहिलं. मध्ये सांधा मात्र दिसत होता. काही न बोलता दूत पत्र देतो हे त्यांना ओबडधोबड वाटलं. म्हणून त्यांनी एक वाक्य स्वतः रचलं. हिअर, सर. ऑल इज इन हिअर. घ्या, महाराज, सगळं यात आहे. आयुष्यात त्यांनी इंग्रजीत रचलेलं हे पहिलं आणि शेवटचं वाक्य. त्यात प नाही, ट नाही, क नाही.

चौथा अंक वर्गात वाचला गेला त्या दिवशी सतरा नंबर उभी राहिली, तेव्हा मागच्या बाकांवर आधीच कोपरखळ्या सुरू झाल्या होत्या. तिने कागद धरला आणि ते वाक्य एका दमात, स्वच्छ म्हटलं. कोपरखळ्या थांबल्या. अर्धविराम सर छताकडे बघत नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. मग म्हणाले, "पाहिलंत? सगळं नाटक बडबड करतंय, आणि ज्याच्याकडे सत्य आहे त्याला नाटककाराने एवढेच शब्द दिलेत."

मुलगी धावत घरी आली. आईला म्हणाली, "मी बोलले. सगळ्यांसमोर. अडलंच नाही गं." त्या रात्रीपासून तिने ते वाक्य मंतरलेल्या गंड्यासारखं जवळ ठेवलं. पुढे ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर झाली. तोतऱ्या मुलीने ती नोकरी मागावी याचंच मुलाखत घेणाऱ्यांना नवल वाटलं होतं. दर पाळीला कानावर हेडफोन चढवण्याआधी ती तेच वाक्य पुटपुटे आणि मग पहिला कॉल घेई. हे टंकबाईंना ठाऊक होतं. म्हणूनच त्यांना पुढची अकरा वर्षं एकाच गोष्टीची धास्ती होती: ते वाक्य कुणाचं आहे हे मुलीला कळू नये.

वास्तविक दुसऱ्या वर्षी नवं स्टेन्सिल कापताना ती पानं परत घालायची असं त्यांनी ठरवलं होतं. मुलगी शाळेतून गेली होती, गरज संपली होती. पण जूनमध्ये सर कार्यालयात आले आणि म्हणाले, "टंकबाई, चौथ्या अंकाकडे जपून हं. ते दूताचं वाक्य एखाद्या अक्षरानेही चुकता कामा नये. साऱ्या नाटकाचा प्राण आहे तो."

बाई म्हणाल्या, "चुकणार नाही, सर."

आणि चुकलं नाही. दर वर्षी नवं स्टेन्सिल, दर वर्षी तीच दोन पानं गाळलेली. १९८१ साली सरांनी शिक्षकांच्या एका त्रैमासिकासाठी 'अल्पभाषी दूत' नावाचा लेख लिहिला. त्या काळातल्या इतर नाटककारांनी दुबळ्यांची टर उडवली, या एकाने उडवली नाही, असा त्यांचा सिद्धान्त होता. आणि पुरावा म्हणून तेच वाक्य. लेख टाईप करायला अर्थातच टंकबाईंकडे आला, तीन कार्बन प्रतींसह.

१९८६ साली मी त्या शेवटच्या वर्गात होते. त्या वर्षापासून प्रश्नपत्रिका शाळेऐवजी परीक्षा मंडळाकडून येऊ लागली. इंग्रजीच्या पेपरात चौथा प्रश्न अनिवार्य होता: चौथ्या अंकात पाहुणे दूताची जी फजिती करतात, तीतून विनोद कसा साधला आहे ते सोदाहरण लिहा. वीस गुण.

मी तो प्रश्न तीनदा वाचला. फजिती? कुणाची? शेजारच्या रांगेत आमच्या वर्गाचा सतरा नंबर, ज्याला आम्ही ढोल म्हणत असू, त्याने हात वर केला. "सर, प्रश्न चुकलाय."

परीक्षेवर देखरेख करणारे गृहस्थ परक्या शाळेचे होते. "प्रश्न चुकत नसतो. उत्तरं चुकतात. लिही."

"पण सर, दूताची फजिती होतच नाही. मीच वाचलाय दूत. एकच वाक्य आहे."

"मग एकच वाक्य लिही. खाली बस."

आम्ही अडतीस जण होतो. अडतीसही जणांनी, जे शिकलो होतो तेच लिहिलं: दूताची फजिती होत नाही, तो एकच वाक्य बोलतो, आणि त्यातच नाटककाराचं मोठेपण आहे. मी चार पानं लिहिली. घरी जाताना मी प्रश्नपत्रिका पुन्हा पुन्हा उघडून बघत होते. आम्हा सगळ्यांना एकाच वेळी वेड लागलंय, किंवा मंडळाला तरी, असं काहीसं वाटत होतं.

तीन आठवड्यांनी मंडळाचं पत्र आलं. शाळेच्या सर्व विद्यार्थ्यांनी, मूळ नाटकात कुठेही नसलेलं एक वाक्य, अक्षरशः एकसारखं उद्धृत केलं आहे. हा सामूहिक कॉपीचा प्रकार दिसतो. सात दिवसांत समाधानकारक खुलासा न आल्यास अडतीसही निकाल रद्द करण्यात येतील.

पत्र उघडलं टंकबाईंनी; टपाल त्याच उघडत. वाचून त्यांनी ते घडी करून ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. शाळेच्या बेल देणाऱ्या काकांनी विचारलं, "काय हो, कुणी गेलं का?" तर त्या म्हणाल्या, "नाही अजून."

मुख्याध्यापकांनी सरांना बोलावलं. खोलीचं दार लोटलेलं होतं, पण भिंत पातळ होती. "तुम्ही शिकवलंत काय वर्षभर?" "नाटक." "कुठलं? मंडळ म्हणतंय असं वाक्यच नाही." "मंडळाने नाटक वाचलेलं नसेल." "आणि तुम्ही?" यावर सर थबकले. भिंतीपलीकडून त्यांचं थबकणंही बाईंना ऐकू आलं.

बाई उठल्या. ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली त्यांच्याच जुडग्यात होती. पुस्तक काढून, धूळ पदराने पुसून, चौथ्या अंकात बोट घालून त्या शिक्षकांच्या खोलीत गेल्या. सर एकटेच बसले होते.

"सर, हे."

सरांनी उभ्या उभ्या वाचायला घेतलं. पहिलं पान झाल्यावर ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. दुसरं झाल्यावर बसले. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. बाई दाराशीच होत्या.

"हे तुम्ही गाळलंत?"

"हो."

"दर वर्षी?"

"दर वर्षी."

"आणि ते वाक्य?" सरांनी बोट पानावर ठेवलं. "ते कुठून घेतलंत? दुसऱ्या आवृत्तीतून? कुठून तरी घेतलं असेल."

"माझं आहे ते."

"तुमचं?"

"मुलीला प, ट, क अडतात. ते टाळून जे जमलं ते."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पण परत घातला नाही. "माझा लेख तुम्हीच टाईप केलात."

"हो."

"तेव्हा काहीच वाटलं नाही?"

"वाटलं ना. त्या पानात दोन चुका झाल्या माझ्या. एरवी होत नाहीत."

सर हसतील की ओरडतील हे बाईंना कळेना. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "मंडळाला कळवावं लागेल. पोरांचे निकाल अडकलेत. मी लिहीन की शाळेच्या प्रतीत दोष होता. तुमचं नाव नको घालायला."

"नाव घाला, सर. नाहीतर ते म्हणतील तुम्हीच गाळलंत. फक्त..." बाई हातातल्या जुडग्याशी चाळा करू लागल्या. "मुलीला कळता कामा नये."

"टंकबाई, तुमचं नाव गेलं की पत्राची गोष्ट गावभर होईल. ती दिवसभर अख्ख्या शहराचे फोन जोडते. तिला सगळ्यांच्या शेवटी कळेल का पहिल्यांदा, तुम्हीच सांगा."

बाई काही वेळ जुडग्यातल्या किल्ल्या एकेक करून सरकवत राहिल्या. मग म्हणाल्या, "सांगा. मी घेते टाईप करून."

खुलाशाचं पत्र सरांनी सांगितलं आणि त्यांनी मारलं. स्वतःचं नाव त्यांनी स्वतःच्या बोटांनी त्यात घातलं. मुख्याध्यापक भडकले. "बाई, तुम्ही टंकलेखिका आहात की नाटककार?" बेल देणारे काका दारातून म्हणाले, "साहेब, नाटककाराची जागा मंजूर आहे का आपल्याकडे?" काकांना हाकलण्यात आलं. बाईंना लेखी ठपका मिळाला. तो कार्यालयाच्या रीतीप्रमाणे टाईप त्यांनाच करावा लागला. मुख्याध्यापकांनी सांगितलेल्या मजकुरातलं एक लंगडं वाक्य त्यांनी त्यात सरळही करून टाकलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी मुलीला सांगितलं. मुलगी पाळीवरून आली होती, ओट्यापाशी उभी राहून शेंगा मोडत होती. आई बोलत गेली तशी तिचे हात थांबले.

"म्हणजे ते नाटकात नव्हतंच?"

"नव्हतं."

"मला जमलं ते... तू जमवलेलं होतंस?"

"अगं, तुला त्रास नको म्हणून..."

"क-क-कमाल आहे." कित्येक वर्षांत घरात ती पहिल्यांदाच अडली. हे मला सांगताना टंकबाईंनी पेला उचलला. पाणी संपवून मग मुलीचं पुढचं बोलणं सांगितलं. "मी हेडफोन लावते तेव्हा काय म्हणते, माहितेय ना तुला? अकरा वर्षं मी तुझं पाठांतर म्हणतेय? आणि तू ऐकत होतीस? हसू नाही आलं?"

"हसू? मला?"

"पुस्तक कुठे आहे?"

पुस्तक बाईंच्या पिशवीतच होतं. मुलीने ते ओट्यावर शेंगांच्या बाजूला ठेवलं आणि उभ्यानेच वाचायला घेतलं. आई तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. पहिलं पान उलटेपर्यंत चेहरा दगडासारखा. दुसऱ्या पानाच्या मध्यावर ती हसली. मोठ्याने, मान मागे टाकून.  पोरगी हातची गेली, असं टंकबाईंना वाटलं.

मुलगी एवढंच म्हणाली, "लिहिणाऱ्याला माहीत होतं." आणि मग, "पोरांना हे वाचायला कधी देणार?"

पुढे मंडळाने खुलासा मान्य केला. चौथ्या प्रश्नापुरती आमची पुन्हा परीक्षा घ्यायचं ठरलं. त्याआधी सरांनी आम्हाला गाळलेला प्रसंग वाचायला बोलावलं. सरांच्या चेहऱ्यावरचं रक्त त्या आठवड्यात कुणीतरी काढून नेल्यासारखं दिसत होतं. टंकबाईंनी रातोरात नव्हे, पण एका दिवसात, ती दोन पानं स्टेन्सिलवर कापून प्रती काढल्या होत्या. शाई अजून बोटाला लागत होती. ढोल उभा राहिला, आणि त्याच वेळी दारात एक तरुण बाई दिसली. तिने सरांकडे बघितलं. सरांनी तिला लगेच ओळखलं.

"सतरा नंबर," ते म्हणाले.

ढोलने कागद पुढे केला. "ताई, तुम्हीच वाचा. माझं असंही एकच वाक्य होतं, तेही गेलं."

तिने दूत वाचला. आम्ही पाहुणे होतो; आमच्या तोंडी ती टिंगल होती, आणि ती वाचताना आमचे आवाज खाली जात होते. जिथे लेखकाने अडखळणं लिहिलं होतं तिथे ती अडखळली. जिथे लिहिलेलं नव्हतं तिथेही अडखळली. आणि कुठलं कुणाचं हे आम्हाला कळेनासं झालं.  ज्या नाटकाला आम्ही वर्षभर दयाळू म्हणत होतो ते हेच, यावर विश्वास बसत नव्हता.

मग पैजेची जागा आली. एक पाहुणा सोन्याची अंगठी काढून ठेवतो: हा 'प्रिन्स' या शब्दाला अडणार म्हणजे अडणारच. सगळे वाट बघतात. दूत प... प... करतो, थांबतो, आणि मग तो शब्द टाळून वळसा घालू लागतो. ज्याच्या वडिलांच्या डोक्यावर मुकुट आहे तो तरुण. ज्याच्या आईला सगळे वाकून नमस्कार करतात त्याचा भाऊ नव्हे, तोच. वळसा लांबत जातो, लांबत जातो, आणि पैजेवाल्याचं तोंड पडत जातं. शेवटी अंगठी दूताच्या खिशात. ती हे असं वाचत होती, डोळे मिचकावून, एकेका वळणावर आमच्याकडे बघून, की वर्ग फुटला. आम्ही बाकं बडवून हसलो. ती स्वतः हसत होती. अर्धविराम सर छताकडे बघायचं विसरून हसत होते.

मात्र एक गोष्ट मी तेव्हाही ऐकली होती. हसण्याची पहिली उकळी पैजेवाला हरायला लागण्याआधीच फुटली. नेमकी त्या जागी, जिथे ती प पाशी खरोखर अडली होती, लिहिल्यापेक्षा जास्त वेळ.

ते हसणं पटांगण ओलांडून कार्यालयात पोचलं. टंकबाई यंत्रापाशी बसल्या होत्या. मुलगी शाळेत आली आहे हे त्यांना काकांनी मघाशीच सांगितलं होतं. चाळीस पोरांचं हसणं त्यांनी ऐकलं, अकरा वर्षं जे अडवून धरलं होतं तेच, आणि त्यांचे दोन्ही हात कळांवर पडले. स्टेन्सिलवर सात-आठ अक्षरांचा एकच भोक पडलं. तीन वर्षं पुरणारी गुलाबी बाटली त्या दिवशी संपली.

मुलगी घामाघूम, हसऱ्या चेहऱ्याने कार्यालयाच्या दारात आली. "ऐकलंस?"

"ऐकलं."

"त्या माणसाने अंगठी घालवली ना, त्याला हसले सगळे. आई, लिहिणारा स्वतः अडखळणारा असणार, नाहीतर त्याच्या घरात कुणीतरी. अडलेला शब्द टाळून कसं जायचं हे बाहेरच्याला सुचत नाही." मग जरा थांबून, "तुला सुचलं होतं."

बाईंनी मान हलवली. त्यांना मुलीचं बोलणं पटलं, असं त्यांनी मला सांगितलं. पण ते हसणं त्यांनी भिंतीआडून ऐकलं होतं, चेहऱ्यांशिवाय, आणि चेहऱ्यांशिवाय ते त्यांना मेजवानीतल्या पाहुण्यांसारखंच ऐकू आलं होतं. अठरा वर्षं त्यांच्या कानात ते तसंच राहिलं. म्हणून मी त्या वर्गात होते हे कळल्यावर, आणि आता हाच विषय शिकवते हे कळल्यावर, त्यांनी शेंगांची टोपली बाजूला सारून मला विचारलं.

"पोरगी म्हणते, त्या अंगठीवाल्याला हसलात. तिचं राहू दे. तू सांग. त्या दिवशी तुम्ही सगळे कशाला हसलात?"

मी त्यांना अंगठीवाल्याबद्दल सांगू शकले असते. ते खोटं नव्हतं. पण ती पहिली उकळी मी ऐकली होती, आणि तीत माझाही आवाज होता.

बाईंनी माझा कप माझ्याकडे सरकवला. मग "घे, चहा गार होतोय," म्हणाल्या आणि शेंगा पुन्हा पुढ्यात ओढल्या.

टंकबाई ३० एप्रिल १९९६ रोजी निवृत्त झाल्या. १९८६ पासून त्या वर्षापर्यंतच्या सर्व प्रतींत चौथा अंक पूर्ण आहे, आणि दूताच्या प्रसंगाची पानं दर वर्षी स्टेन्सिलवर नव्याने कापलेली आहेत.